स्कोअर माझा जास्त, सैन्य माझं मोठं, तरी हरलो कसा? वॉरक्राफ्ट ३ मधल्या मारामारीचं आणि गुणांचं गणित

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वॉरक्राफ्ट ३ या संगणकावरच्या रणनीती खेळातला एकास एक सामना, तुम्ही ह्यूमन, समोर ऑर्क. तुमचं फूड (प्रत्येक युनिटमागे मोजला जाणारा, सैन्याचा आकार सांगणारा अंक) ८४ वर पोचलेलं, सैन्यात जवळपास सगळे रायफलमन, म्हणजे बंदूकधारी, आणि सोबत दोन हिरो, म्हणजे लढत लढत लेव्हल वाढणारे खास योद्धे. समोरचा बराच वेळ ५० फूडवर बसून होता, शेवटी कुठे साठीत गेला. त्याच्याकडे जवळून लढणारे ग्रंट आणि पाचव्या लेव्हलचा ब्लेडमास्टर हा हिरो. दोनदा मोठी चकमक झाली, दोन्ही वेळा तुमचं सैन्य मोठं होतं आणि दोन्ही वेळा तुम्हीच मार खाल्लात. शेवटच्या पडद्यावर मात्र एकूण स्कोअर तुमचा जास्त. तुम्ही विचारलंय, "हा स्कोअर नक्की कशाचा मिळतो, आणि लढाईत डॅमेज ठरतं कसं?"

हे दोन प्रश्न वाटतात, पण तुमची खरी अडचण एकच आहे. स्कोअर म्हणजे लढाईचा निकाल, असं तुम्ही धरून चाललात. स्कोअर संपूर्ण सामन्यात तुम्ही केलेल्या कामाची बेरीज करतो. लढाईला त्या बेरजेशी देणंघेणं नसतं. त्या जागी, त्या अर्ध्या मिनिटात कोणाचे किती फटके कोणावर बसले, एवढंच तिथे मोजलं जातं.

एक गोष्ट आधीच सांगतो. खाली दिलेले आकडे 'फ्रोझन थ्रोन' या २००३ सालच्या विस्तारानंतरचे आहेत. युनिटची हेल्थ, किंमत, फटक्यातला वेग हे पॅचनुसार थोडं हलत आलंय, २०२० मधल्या 'रिफोर्ज्ड' या नव्या आवृत्तीनंतरही. त्यामुळे एखादा आकडा तुमच्या पडद्यावर पाच-दहाने वेगळा दिसेल. गणिताची चौकट तीच राहते. कस्टम मॅपवर मात्र मॅप बनवणारा ही चौकटही बदलू शकतो, तिथे हे लागू पडेलच असं नाही. आणि तुमचा रिप्ले (सामन्याचं रेकॉर्डिंग) मी पाहिलेला नाही, तुम्ही लिहिलंत त्यावरूनच बोलतोय.

आधी स्कोअरचं उरकू, कारण ते सोपं आहे. सामना संपल्यावर युनिट, हिरो आणि रिसोर्स असे तीन गुण दिसतात आणि त्यांची बेरीज म्हणजे एकूण स्कोअर. युनिटच्या पानावर किती युनिट्स बनवली, किती मारली, किती इमारती बांधल्या, किती पाडल्या आणि सर्वांत मोठं सैन्य किती होतं, हे असतं. हिरोच्या पानावर वापरलेले हिरो, मारलेले हिरो, मिळवलेल्या वस्तू, भाड्याने घेतलेले सैनिक आणि अनुभव. रिसोर्सच्या पानावर खणलेलं सोनं, तोडलेलं लाकूड, देवाणघेवाण, तंत्रज्ञानाची टक्केवारी आणि अपकीपमध्ये, म्हणजे मोठ्या सैन्यापायी मिळकतीतून होणाऱ्या कपातीत, गेलेलं सोनं.

आता या पानांवर काय नाही ते बघा. 'तुम्ही किती गमावलं' असा रकानाच नाही. तुम्ही चाळीस रायफलमन बनवलेत आणि चाळीसही मेले, तरी बनवलेले चाळीस तुमच्या नावावर तसेच राहतात. समोरच्याच्या 'मारलेली युनिट्स' या आकड्यावरून थोडा अंदाज येतो, पण तिथे झाडं तोडणारा पेझंट एक आणि नाइटही एकच. 'सर्वांत मोठं सैन्य' हा सामन्यातल्या एका क्षणाचा उच्चांक असतो, तो क्षण लढाईच्या वेळी होता की आधी, हे तिथे कळत नाही. जो खेळाडू सतत सैन्य गमावतो आणि सतत नवं बनवतो, तो खूप खणतो, खूप बांधतो, आणि त्याचा स्कोअर फुगतो. तुमचं बहुधा हेच झालंय. जिंकणं-हरणं वेगळ्याच गोष्टीवर ठरतं: समोरच्याच्या सगळ्या इमारती पडल्या, किंवा तो सोडून गेला, की सामना संपला. स्कोअर तिथे विचारलाच जात नाही.

मग मारामारी. इथे जरा सावकाश जाऊ.

प्रत्येक फटक्याच्या मागे तीन टप्पे असतात. पहिला, मूळ डॅमेज. ते एका पट्ट्यातून दर फटक्याला नव्याने निघतं. रायफलमनचं १८ ते २४, ग्रंटचं १८ ते २१. फूटमनचं १२ ते १३, म्हणजे जवळजवळ ठरलेलंच. शस्त्रांचं अपग्रेड केलं की या पट्ट्यात आणखी एक फासा जमा होतो, म्हणून वरचा आकडा खालच्यापेक्षा जास्त वाढतो. हिरोच्या बाबतीत त्याच्या मुख्य गुणाचा प्रत्येक अंक डॅमेजमध्ये एकाने भर घालतो. ब्लेडमास्टरचा मुख्य गुण चपळाई. ती वाढली की डॅमेज वाढतं, फटक्यांचा वेग वाढतो आणि आर्मरही वाढतं. एका लेव्हलमध्ये तिहेरी फायदा.

दुसरा टप्पा म्हणजे हल्ल्याचा प्रकार आणि आर्मरचा प्रकार यांची सांगड. नवीन खेळाडू सगळ्यात जास्त इथे फसतात, कारण युनिट निवडल्यावर तो छोटा चौकोन कोणी उघडून बघत नाही. हल्ल्याचे प्रकार नॉर्मल, पिअर्स, सीज, मॅजिक, केऑस आणि हिरो. आर्मरचे लाइट, मीडियम, हेवी, फोर्टिफाइड, हिरो आणि अनआर्मर्ड. कोणता हल्ला कोणत्या आर्मरवर किती टक्के लागतो, याचा एक तक्ता गेममध्येच बसवलेला आहे. तुमच्या सामन्यापुरता बघू. रायफलमनचा हल्ला पिअर्स. तो लाइट आर्मरवर २०० टक्के बसतो, म्हणून उडणाऱ्या बऱ्याच युनिट्सचा तो काळ असतो. अनआर्मर्डवर, म्हणजे प्रीस्ट, शामन अशा मंत्रवाल्यांवर, १५० टक्के. हेवीवर १००. मीडियमवर ७५. हिरोवर फक्त ५०, आणि इमारतींच्या फोर्टिफाइडवर ३५.

उलट बाजूने बघा. ग्रंटचा हल्ला नॉर्मल, त्याचं आर्मर हेवी. रायफलमनचं आर्मर मीडियम. नॉर्मल हल्ला मीडियमवर १५० टक्के लागतो. म्हणजे तुमचा माणूस त्याच्यावर सरळ १०० टक्क्यांनी गोळी मारतो, आणि त्याचा माणूस तुमच्यापर्यंत पोचला की दीडपटीने हाणतो. किंमत जवळपास सारखी: ग्रंट २०० सोनं, रायफलमन २०५ सोनं आणि ३० लाकूड. फूड दोघांचं तीन-तीन.

तिसरा टप्पा, आर्मरचा अंक. वरच्या प्रकारापेक्षा ही वेगळी गोष्ट आहे आणि दोन्हींची गल्लत फार होते. प्रकार म्हणजे 'हेवी', अंक म्हणजे त्याच्या शेजारी लिहिलेला १, २, ५. सूत्र असं: आर्मरच्या अंकाला ०.०६ ने गुणा, आणि त्याला '१ अधिक तोच गुणाकार' याने भागा. जे येईल तेवढं डॅमेज कापलं जातं. आर्मर २ असेल तर साधारण ११ टक्के, ५ असेल तर २३ टक्के, १० असेल तर साडेसदतीस टक्के. यावरून पुष्कळ जण म्हणतात की आर्मर वाढवत गेलं की फायदा कमी कमी होतो, पहिल्या पाचाला २३ टक्के आणि पुढच्या पाचाला जेमतेम १४. मला हा युक्तिवाद पटत नाही. टक्क्यांकडे बघू नका, मारायला किती फटके लागतात ते बघा. आर्मरचा प्रत्येक अंक त्या युनिटचं आयुष्य मूळ हेल्थच्या ६ टक्क्यांनी वाढवतो, पहिलाही आणि दहावाही. ४२० हेल्थचा फूटमन आर्मर २ सह ४७० हेल्थइतका टिकतो, आर्मर १० सह ६७२ इतका. वाढ सरळ रेषेत आहे.

आता तिन्ही टप्पे एकत्र लावू. रायफलमनची सरासरी गोळी २१. ग्रंटचं हेवी आर्मर, अंक १, म्हणून लागतात सुमारे २०. ग्रंटची हेल्थ ७००. म्हणजे ३५-३६ गोळ्या. ग्रंटचा सरासरी फटका साडेएकोणीस, त्याचे दीडपट सव्वाएकोणतीस, रायफलमनचं आर्मर शून्य आणि हेल्थ पाचशेच्या थोडी वर. म्हणजे १८-१९ फटके. दोघांचा मारण्याचा वेगही साधारण सारखा, दीड सेकंदाच्या आसपास. अंगाशी अंग भिडलं की एका ग्रंटची किंमत जवळपास दोन रायफलमनइतकी होते. फूडमध्ये तुम्ही पुढे होतात, पण हा फरक त्यातला बराचसा भाग आधीच गिळून टाकतो.

ब्लेडमास्टरचं तर विचारूच नका. त्याचं आर्मर ६ धरलं तर तुमच्या २१ च्या गोळीतले हिरोवर ५० टक्के म्हणून साडेदहा उरतात, त्यातून आर्मर कापल्यावर आठसुद्धा लागत नाहीत. "पंधरा जणांनी त्याला टिपलं तरी तो मरत नव्हता" असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण हे आहे. रायफलमन हिरो मारायला बनलेलाच नाही. हिरो मारायला हिरोच लागतो, किंवा नॉर्मल हल्ल्याची युनिट्स वेढा घालायला लागतात, किंवा मंत्र. मंत्रातून होणाऱ्या डॅमेजवर आर्मरचा अंक चालत नाही. हिरोला त्यातून थोडी सूट असते खरी, पण पिअर्सइतकी मोठी नाही. माउंटन किंग या ह्यूमन हिरोचा हातोडा फेकून ब्लेडमास्टरला जागीच थिजवणं आणि त्या दोन-चार सेकंदांत फूटमननी त्याच्याभोवती कडं करणं, ही ह्यूमनची जुनी आणि अजूनही चालणारी रीत आहे.

आता तुमचा आक्षेप येईल की मग सगळेच रायफलमन का बनवतात? कारण ते लांबून मारतात. आणि लांबून मारणाऱ्यांचं गणित संख्येच्या बाबतीत फार उदार असतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने हे मांडलं: सगळ्यांना एकाच वेळी नेम धरता येत असेल, तर सैन्याची ताकद संख्येच्या वर्गाने वाढते. सारख्याच दर्जाचे १० विरुद्ध ८ भिडले, तर १० वाल्यांचे २ उरत नाहीत, ६ उरतात. शंभरातून चौसष्ट वजा, उरले छत्तीस, त्याचं वर्गमूळ सहा. कारण समोरचा एक पडला की त्याच्याकडून येणारे फटके तिथून पुढे बंद होतात, आणि तुमची बाजू आणखी जड होते. जवळून लढणाऱ्यांना हा फायदा पूर्ण मिळत नाही. ज्यांना पुढे जागा मिळते तेच मारतात, मागचे वाट बघत राहतात.

म्हणजे कागदावर संख्या तुमच्या बाजूने होती. मग ती गेली कुठे? माझा अनुभव सांगतो की अशा वेळी तीनपैकी एक तरी गोष्ट झालेली असते, बहुधा तिन्ही.

पहिली, सैन्य एकत्र पोचलंच नाही. ८४ फूड म्हणजे ८४ फूडचे लढवय्ये नव्हेत. त्यात सोनं-लाकूड आणणारे पेझंट आहेत, दोन हिरो आहेत. उरलेल्यांतले काही बॅरॅक्समधून नुकतेच निघालेले, एकेक करत रॅली पॉइंटकडे, म्हणजे जमायच्या जागेकडे, चालत येतायत. समोरचा दहा जणांनिशी तुमच्या आठ जणांना गाठतो, ते संपतात, मग पुढचे तीन येतात, मग दोन. प्रत्येक भेटीत तो जास्त, तुम्ही कमी, आणि वर्गाचा नियम प्रत्येक भेटीत त्याच्या बाजूने. मी दुसऱ्यांचे रिप्ले तपासतो तेव्हा लढाई सुरू होण्याच्या क्षणी पॉज करतो आणि एका पडद्यात मावणारी युनिट्स मोजतो. पटावरचं फूड आणि पडद्यावरची युनिट्स यांत किती तफावत असते, हे खेळाडूला स्वतःला खरं वाटत नाही.

दुसरी, गोळ्या विखुरल्या. वॉरक्राफ्टमध्ये एक अंक हेल्थ उरलेला ग्रंटही पूर्ण ताकदीने मारतो. बारा ग्रंट अर्धे-अर्धे जखमी करण्यापेक्षा सहा पुरते पाडणं केव्हाही चांगलं. युनिट्सना आपापलं सोडलं तर ती जवळचं काहीही मारतात. म्हणून लक्ष्य हाताने द्यायचं. पण इथेही अति नको. शंभर हेल्थ उरलेल्या ग्रंटवर बारा जणांनी एकदम गोळी झाडली तर अडीचशेच्या आसपास डॅमेजमधलं शंभरच कामी येतं. सात-आठ जणांचे दोन गट करून दोन वेगळी लक्ष्यं देणं हे मध्यममार्ग म्हणून पुरेसं आहे. तुमचा हात अजून बसलेला नसेल तर एकच गट ठेवा, पण लक्ष्य बदलत राहा.

तिसरी, जखमी माणूस मागे घेतला नाही. एका ग्रंटला एक रायफलमन मारायला जवळजवळ अर्धा मिनिट लागतं, हे वरच्या आकड्यांवरून दिसतंच. या गेमची हेल्थ मोठी आणि मारामारी संथ आहे, ती मुद्दाम तशी ठेवली आहे, म्हणजे खेळाडूला मधे हात घालता यावा. चार ग्रंट एकावर पडले तरी सात-आठ सेकंद मिळतात. तेवढ्यात तो मागे ओढला की समोरच्याचे आतापर्यंतचे सगळे फटके वाया गेले, आणि तुमची बंदूक तुमच्याकडेच राहिली. प्रीस्ट पुढची मलमपट्टी करेल.

उंचसखल जमिनीचा मुद्दा दोन ओळींत: खालून वर गोळी मारणाऱ्याचा नेम चारातून एकदा चुकतो. तुम्ही चढावर गेलात आणि तो वर उभा होता, तर तुमच्या रायफलमनचा पाव मारा हवेत गेला. ग्रंटना याचा फरक पडत नाही.

आता हिरोच्या अनुभवाकडे वळतो, कारण तुमचा सामना माझ्या मते खरा तिथे हातचा गेला.

युनिट मेलं की समोरच्या हिरोला त्या युनिटच्या लेव्हलप्रमाणे अनुभव मिळतो. पहिल्या लेव्हलच्या युनिटचे २५, दुसऱ्याचे ४०, तिसऱ्याचे ६०. फूटमन दुसऱ्या लेव्हलचा, रायफलमन तिसऱ्या. हिरोला दुसऱ्या लेव्हलला २०० अनुभव लागतो, तिसऱ्याला एकूण ५००, पाचव्याला १४००, सहाव्याला २०००. क्रीप (नकाशावरचे कोणाच्याच बाजूचे नसलेले प्राणी) मारून मिळणारा अनुभव हिरो मोठा होत जाईल तसा आटत जातो आणि पाचव्या लेव्हलला पूर्ण थांबतो. मग पाचवीतून सहावीत जायचे ६०० कुठून आणायचे? समोरच्या खेळाडूच्या सैन्यातून. रायफलमनच्या हिशेबात साधारण दहा. तुम्ही लिहिलंय की पहिल्या चकमकीत 'फक्त दहा-बाराच' गेले. ते दहा-बारा म्हणजेच त्याची सहावी लेव्हल, आणि सहावी लेव्हल म्हणजे ब्लेडस्टॉर्म, गरगर फिरत आजूबाजूच्या सगळ्यांना कापणारी त्याची सगळ्यात मोठी विद्या. दुसऱ्या चकमकीत तो गरगर फिरत तुमच्या दाटीत शिरला असेल, तर त्याचं सगळं भाडं पहिल्या चकमकीत तुम्हीच भरलं होतं.

तुमच्या स्कोअरमध्ये मात्र ते दहा-बारा 'बनवलेली युनिट्स' म्हणून अजूनही दिमाखात उभे आहेत.

म्हणून अनुभवी खेळाडू दोन गोष्टी करतात, ज्या नवख्याला विचित्र वाटतात. एक, हरत आलेली लढाई अर्धवट सोडून टाउन पोर्टलने, म्हणजे सैन्याला क्षणात तळावर नेणाऱ्या वस्तूने, घरी जातात. सैन्य वाचतं त्याहून महत्त्वाचं म्हणजे समोरच्याला अनुभव मिळत नाही. दुसरी, वाचणार नाही असा स्वतःचाच माणूस शेवटच्या क्षणी स्वतःच मारतात, म्हणजे तो अनुभव समोरच्याला मिळत नाही. हे ऐकायला निर्दय वाटेल, पण पाचव्या लेव्हलच्या हिरोसमोर प्रत्येक साठ अंकाला किंमत असते. तुमच्याकडे दोन हिरो होते, त्याचाही एक परिणाम ध्यानात घ्या: दोघे जवळ असले की मिळणारा अनुभव त्यांच्यात वाटला जातो. दोन तिसऱ्या लेव्हलचे हिरो वाईट नाहीत, पण समोर एकच पाचवीचा असेल तर पहिला घाव कोण सोसणार याचा आधी विचार हवा.

इथवर हे झालं: तक्ता तुमच्या विरुद्ध, संख्या विखुरलेली, आणि तुमच्या मेलेल्या माणसांवर त्याचा हिरो मोठा झालेला. चौथी गोष्ट पैशाची, आणि ती तुमच्या स्कोअरच्या पानावर लिहिलेलीच आहे. 'अपकीपमध्ये गेलेलं सोनं' हा रकाना बघा.

५० फूडपर्यंत अपकीप नाही. खाणीतून आलेल्या प्रत्येक फेरीचं १० सोनं पुरं मिळतं. ५१ ते ८० मध्ये १० चे ७ मिळतात. ८१ ते १०० मध्ये १० चे ४. खाण मात्र दर फेरीला १० नेच रिकामी होते. लाकडाला अपकीप लागत नाही. तुम्ही ८४ वर होतात. फक्त चार फूडसाठी, म्हणजे एका रायफलमनसाठी आणि एका पेझंटसाठी, तुमची मिळकत फेरीमागे ७ वरून ४ वर आली. त्याच वेळी ५० वर बसलेला ऑर्क फेरीमागे १० घेत होता, तुमच्या अडीचपट. तो नुसता बसून राहिला असं तुम्हाला वाटलं, पण त्या वेळात त्याने अपग्रेड केली, दुकानातून औषधं घेतली, आणि मग लढाईच्या जरा आधी साठीत उडी मारली.

माझं मत असं की ८० ओलांडायचंच नाही असा काही नियम नाही. ओलांडायचं तर लगेच लढायला निघायचं असेल तेव्हाच. ८४ वर पोचून तीन मिनिटं क्रीप मारत फिरणं हे सगळ्यात महाग. त्याच न्यायाने ५० वर थांबणंही फुकटचं नाही. थांबलात आणि त्या सोन्याचं टियर (मुख्य इमारतीची पुढची पायरी), अपग्रेड, वस्तू यांत रूपांतर केलं नाहीत, तर तुम्ही निव्वळ लहान सैन्य घेऊन बसलात. समोरचा घाईने लवकर चाल करून येणारा असेल तर ५० ची शिस्त तुम्हाला गोत्यातही आणू शकते. हे प्रत्येक सामन्यात बघून ठरवावं लागतं.

पुढच्या वेळी ग्रंट आणि ब्लेडमास्टर दिसले तर काय? मी रायफलमन बंद करायला सांगणार नाही. त्यांच्या पुढे भिंत हवी एवढंच. चार-पाच फूटमन शेवटपर्यंत जिवंत ठेवा. त्यांचं आर्मर हेवी आहे, ग्रंटचा फटका त्यांच्यावर १०० टक्केच लागतो, दीडपट नाही. दुसऱ्या टियरला सॉर्सरेस ही मंत्रवाली आणा आणि तिचा स्लो हा मंत्र स्वयंचलित करून ठेवा. ज्या ग्रंटवर तो बसतो त्याचा मारण्याचा वेग चौथाईने घटतो आणि चालणं तर रखडतंच, म्हणजे रायफलमनपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो आणि पोचला तरी कमी हाणतो. समोर स्पिरिट वॉकर हे ऑर्कचे मंत्रवाले दिसले की हा मंत्र ते एका झटक्यात पुसतात, तेव्हा त्यांनाच आधी टिपा. ते कोणत्या रूपात आहेत तेही बघा, कारण ते देहरूप आणि आत्मारूप बदलतात आणि आत्मारूपात तुमची गोळी त्यांना लागतच नाही.

तिसऱ्या टियरला उडणाऱ्या ग्रिफिनचा मोह होईल. त्यांचा हल्ला मॅजिक, हेवी आर्मरवर २०० टक्के, आणि ग्रंट आकाशात मारू शकत नाही. कागदावर हे स्वप्नवत आहे. पण ग्रिफिनचं आर्मर लाइट, आणि ऑर्कच्या हेडहंटरचा हल्ला पिअर्स, म्हणजे पुन्हा २०० टक्के, या वेळी तुमच्यावर. शिवाय ऑर्कचे रेडर जाळं टाकून त्यांना खाली ओढतात. समोरच्याने बातमी लागताच दोन बॅरॅक्समधून हेडहंटर काढायला सुरुवात केली तर ग्रिफिनचे पैसे पाण्यात. म्हणून आधी कोणाला तरी नजर टाकून यायला पाठवा, मग ठरवा. तक्ता पाठ असण्याचा उपयोग एकच: तुमचं पुढचं युनिट त्याच्या पुढच्या युनिटसमोर कसं दिसेल, हे आधी दिसावं.

शेवटचं, रेटिंगबद्दल. तुम्ही विचारलंय की जास्त स्कोअर करून हरलो तर लॅडरवर, म्हणजे खेळाडूंच्या क्रमवारीत, एरवीपेक्षा कमी गुण कापले जातील का. नाही. आजच्या लॅडरवरचे गुण, डब्ल्यू३चॅम्पियन्ससारख्या ऑनलाइन सामन्यांच्या ठिकाणचा एमएमआर (तुल्यबळ जोडी लावायला वापरलं जाणारं रेटिंग) धरून, जय-पराजय आणि समोरच्याचं रेटिंग यांवरच ठरतात. या सगळ्या पद्धतींच्या मुळाशी बुद्धिबळासाठी आर्पाड एलो यांनी मांडलेली कल्पना आहे. एलोच्या मूळ सूत्रात दोघांत २०० चा फरक असेल तर वरच्याने चारातले साधारण तीन सामने जिंकावेत अशी अपेक्षा असते, ४०० चा असेल तर अकरातले दहा. अपेक्षेप्रमाणे हरलात तर थोडेच गुण जातात, अपेक्षेविरुद्ध जिंकलात तर भरपूर मिळतात. तुमचा ऑर्क तुमच्याहून बराच वर होता असं दिसतंय, त्यामुळे तुमचं फारसं नुकसान झालेलं नसावं. रिप्ले असेल तर पहिल्या चकमकीच्या आधीचं मिनिट बघा आणि त्या वेळचं दोघांचं फूड, हिरोंची लेव्हल आणि एका पडद्यात मावलेली युनिट्स लिहून पाठवा. त्यावरून रायफलमन कमी करायचे की नुसते एकत्र आणायचे, हे नेमकं सांगता येईल.